रुळलेला कळप

१

मायरा टिनिसवुड ऑल्डनवर जायची ती हवा खायला नव्हे. शहरातली माणसं रंगीत कोट घालून, हातात काठ्या घेऊन त्या डोंगरावर हवा खायला यायची, माथ्यावर बसून पाव खायची आणि उतरून जायची. मायराला त्यांचं नवल वाटे. लग्न होऊन या घरात आल्यापासून डोंगर तिच्या मागच्या दारात होता. मागच्या दाराकडे कुणी कौतुकानं बघतं का?

त्या उन्हाळ्यात मात्र तिला रोज चढावं लागलं. सकाळी किटली ठेवायची, नवऱ्यासाठी, जॉससाठी, बिनलोण्याचा पाव कापून झाकायचा, थर्मासात चहा भरायचा, नेल कुत्रीला शीळ घालायची आणि चढणीला लागायचं. संध्याकाळच्या जेवणाला परत.

ऑल्डनला कुंपण नाही, कधीच नव्हतं. अलीकडच्या अंगाला टिनिसवुडांच्या मेंढ्या, पलीकडे विल्फ डॉब्सनच्या, मध्ये नुसतं गवत आणि नेच्याचं रान. तरी इकडची मेंढी तिकडे जात नसे. कोकरू आईच्या मागं चालतं, आई जिथून फिरते तिथून तेही फिरतं, आणि पुढं आपल्या कोकराला तेच दाखवतं. अशी ती हद्द मेंढ्यांच्या पोटात पिढ्यान् पिढ्या उतरत आलेली. माणसाला दिसायची नाही, मेंढीला मात्र पक्की ठाऊक.

मग आदल्या साली लाळ्या-खुरकूत आला. सरकारची माणसं पांढरे झगे घालून आली आणि सगळा कळप मारून, जाळून गेली. मेंढ्या गेल्या आणि त्यांच्या पोटातली हद्दही गेली.

वसंतात जॉसनं नव्या मेंढ्या आणल्या. त्यांना काय माहीत? जिकडे गवत तिकडे तोंड. अशा कळपाला रुळवायचं तर एकच वाट असते. माणसानं दिवसभर डोंगरावर उभं राहायचं, आणि मेंढ्या हद्दीला पोचल्या की हात पसरून समोर जायचं आणि मागं वळवायचं. रोज. एक उन्हाळा, कधी दोन. धडधाकट पुरुषाचं कंबरडं मोडतं.

आणि इथं पुरुषाला तर अंगणापर्यंत चालवत नव्हतं. जॉसच्या काळजाची झडप गळत होती. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की पानगळीच्या आत शहरात जाऊन छाती उघडून घ्या, हे काळीज पुढचा हिवाळा काढणार नाही. जॉस म्हणाला, मेंढ्या रुळल्या की जातो. मेंढ्यांना तुमच्या छातीचं काय कळतं, असं बाई म्हणाल्या, तर म्हातारा म्हणतो, तुम्हाला तरी मेंढ्यांचं काय कळतं.

त्यापुढं त्याच्याशी कुणी हुज्जत घातली नाही. मेंढ्या रुळल्याशिवाय तो जाणार नव्हता, आणि गेला नाही तर मरणार होता. म्हणून मायरा डोंगरावर जायची.

२

पहिले दिवस वाईट गेले. खाली ओढ्याशी उभी राहून अडवाव्या, तर मेंढ्या वर माथ्याकडून निसटत. धापा टाकत माथा गाठावा, तर खालच्या पसार. एका माणसाला डोंगराची दोन्ही टोकं धरता येत नाहीत, हे सासूनं तिला कधीकाळी सांगितलं होतं. आता तिच्या गुडघ्यांनी सांगितलं.

जूनमधल्या एका दुपारी ती खडकाला टेकून बसली आणि तिचा डोळा लागला. जाग आली तर कळप पार उभ्या खडकांपाशी पोचलेला. ते खडक म्हणजे वरची हद्द. तिथवर धावत जाणं तिच्यानं झालं नसतं. गेल्या आता, असं ती मनाशी म्हणतेय, तेवढ्यात आवाज आला. ओली चादर दोघींनी दोन्हीकडून धरून एकदाच झटकावी, तसा. सगळ्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या आणि त्या मागं वळल्या.

खडकांपाशी कुणी नव्हतं. वारा म्हणावा तर गवताचं पातं हलत नव्हतं.

मायरा बुद्धीला धरून चालणारी बाई. तिनं मनाशी जुळवलं, की जुन्या कळपाच्या पायवाटा अजून आहेत, वास आहे, मेंढीचं नाक आपल्यासारखं थोडंच असतं. आवाज झोपेतला असेल. नेलकडे बघितलं, तर कुत्री जागची उठली नव्हती. दुसऱ्याचा कुत्रा कामाला लागला की आपला जसा जीभ आत घेऊन, कान पाडून गप बसतो, तशी बसली होती.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, आणि तिसऱ्याही. पुढं मायरा नुसती बसून विणकाम करू लागली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा.

एवढं एकच तिच्या मनात सलत राही. माणूस मेंढ्या वळवतो तेव्हा आधी पुढच्या दोन-तीन बघतात, बिचकतात, मग मागच्या त्यांचं बघून वळतात. या सगळ्या एकदम बघत. आणि माणसाच्या तोंडाकडे बघावं त्याहून जरा वरच बघत.

३

विल्फ डॉब्सन तिला अंगणाच्या गडग्याशी भेटला. दगडांवर कोपरं टेकून तो आधी बराच वेळ तिच्या मेंढ्यांकडे बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या नव्या मेंढ्या रोज शेजारच्या खोऱ्यात सापडत होत्या.

"काय गं, चहातून काय पाजतेस यांना?" तो म्हणाला. "माझ्या रांडेच्या खालच्या गावात दारूचा गुत्ता शोधत हिंडतायत."

"तुझं तोंड बघून पळाल्या असतील."

"तोंड तेच आहे गेली साठ वर्षं. मेल्या त्या जुन्या मेंढ्यांना आवडायचं."

मायरा हसली. मग सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, की मंगळवारी दुपारी तू उभ्या खडकांपाशी होतास का, गोणपाट-बिणपाट झटकलंस का. विल्फ म्हणाला, मंगळवारी तो मेंढ्यांच्या बाजारात होता, एडका बघायला. आणि खडकांपाशी आला असता तर तिच्या थर्मासातला चहा ढोसल्याशिवाय गेला असता का? ते खरंच होतं.

घरी तिनं जॉसला सांगितलं की कळप रुळला. कसा, ते सांगितलं नाही. चुलीशेजारच्या खुर्चीत तो आजारी कोंबड्यासारखा बसलेला असे, तो एकदम ताठ झाला. सगळं श्रेय मायराला देऊन मोकळा झाला. त्याची आईसुद्धा एका उन्हाळ्यात कळप रुळवू शकली नसती म्हणाला, आणि त्याच्या तोंडून हे म्हणजे काय होतं ते मायरालाच ठाऊक. त्याच रात्री त्यानं मुलीला फोन करून सांगितलं, की सप्टेंबरमध्ये इस्पितळात जातो, ठरव दिवस.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीतून बाहेर बघत होता. मेंढ्या अंगणातून चरत खाली चालल्या होत्या.

"ओढ्याच्या खाली आपल्या मेंढ्या कधी उतरल्या नाहीत," तो म्हणाला. "या कुठपर्यंत जातात?"

वाटेवरच्या रोवनच्या झाडापर्यंत, असं मायरानं सांगितलं. लोखंडी जाळीच्या अलीकडे जे झाड आहे ना, तिथून आपसूक वळतात. ती जाळी म्हणजे वाटेत आडव्या टाकलेल्या लोखंडी दांड्या. त्यांवरून गाडी खडखडत जाते, मेंढीचं खूर जात नाही.

जॉसनं थोडा विचार केला. "म्हणजे घर हद्दीच्या आत आलं," म्हणाला. मग त्यानं लोणी मागितलं, आणि मायरानं दिलं नाही.

४

पीठ संपलं म्हणून एका सकाळी मायरा गावात निघाली. डोक्याला रुमाल बांधला, पिशवी घेतली, वाटेला लागली. आणि पुढं तिला कळलं ते एवढंच, की ती आपल्याच स्वयंपाकघरात उभी आहे. रुमाल डोक्याला तसाच. पिशवी रिकामी.

"लवकर आलीस," जॉस म्हणाला.

टेबलावर पैशाचं पाकीट होतं. हां, पाकीट विसरले म्हणून फिरले, तिनं मनाशी म्हटलं, आणि तिला बरं वाटलं. वय झालं की असं होतंच. पाकीट घेऊन ती पुन्हा निघाली.

या खेपेला तिनं लक्ष ठेवलं. रोवनच्या झाडापर्यंत सगळं ठीक होतं. वाट कोरडी, ऊन कोवळं, फळांचे लाल घोस लागलेले. झाडापाशी तो आवाज आला, अगदी जवळ. त्याच क्षणी तिच्या मनात आलं, की चुलीची झडप उघडी राहिली. साधा विचार, रोज येणारा, तिचा स्वतःचा. पाय मागं फिरले. घरी येऊन बघते तर झडप बंद होती.

तिसऱ्यांदा ती गेली नाही. दुकानदाराला फोन करून पीठ टपालाच्या गाडीतून मागवलं. टपालवाला आला, पीठ दिलं, हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलला आणि जाळीवरून खडखडत निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. परक्या कळपाशी कुणाचं काय देणंघेणं?

मायरा खुर्चीत बसून आठवू लागली, की या उन्हाळ्यात आपण बाहेर कधी गेलो. विल्फ इथं आला होता. डॉक्टरीणबाई इथं आल्या होत्या. मुलगी येऊन गेली. ती स्वतः आणि जॉस मात्र कुठंही गेले नव्हते, आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. डोंगरावरच्या घरात असं होतं. कामाच्या दिवसांत कुणाला फुरसत असते?

रात्री भांडी विसळताना तिला आणखी एक आठवलं आणि तिचा हात पाण्यात तसाच राहिला. झाडापाशी आवाज आला तेव्हा तिनं मान वर केली होती.

तिनं जॉसला सांगितलं नाही. सांगून काय, त्याचं काळीज आधीच फुटकं. गाडीत बसल्यावर काही होणार नाही, असं तिनं ठरवून टाकलं. गाडी म्हणजे गाडी. तिला मान नसते.

५

ठरल्या दिवशी सकाळी रूथ, त्यांची मुलगी, गाडी घेऊन आली. दुपारपर्यंत पोचायचं होतं. आजचा नंबर चुकला तर पुढचा ख्रिसमसच्या नंतर, आणि जॉसकडे बघून कुणालाही कळत होतं की ख्रिसमस ही लांबची गोष्ट आहे. त्याचे ओठ जांभळट दिसत होते. कोट चढवतानासुद्धा तो मध्ये थांबला.

तो पुढं बसला, मायरा मागं. गाडी झाडापाशी आली.

"वळव," जॉस म्हणाला. "चष्मा राहिला."

रूथनं वळवली. चष्मा त्याच्या खिशात होता. ती हसली, बाबा आता पार गेलात म्हणाली, पुन्हा निघाली. झाडापाशी मायराला स्वतःचाच आवाज ऐकू आला, "दार उघडं राहिलं." दार बंद होतं. कुलूपसुद्धा होतं.

"आता कुणी काहीही म्हणायचं नाही," रूथ म्हणाली, आणि तिनं गाडी जोरात काढली. झाडापाशी जॉसनं मान वर केली आणि चालत्या गाडीचं दार उघडून एक पाय बाहेर टाकला.

रूथनं करकचून ब्रेक दाबला. तुम्हा दोघांना झालंय तरी काय, जायचं नाहीये का, असं ती रडवेल्या आवाजात विचारत राहिली. जॉस गोंधळून आपल्या पायाकडे बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

मायरानं झाडाकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. पण झाडाच्या अलीकडचं गवत सगळं एकीकडे निजलेलं होतं.

मग तिच्यातली मेंढपाळीण विचार करू लागली. झाडापाशी आवाज येतो. खडकांपाशी येतो. पण दोन्हीकडे एकदम कधी आलाय का? सबंध उन्हाळा तिनं आठवून बघितला. कळप एकत्र असे, नेहमी एकाच टोकाला असे.

ती गाडीतून उतरली. रूथला म्हणाली, गाडी इथंच उभी कर. मी वर चालत जाते. उभ्या खडकांच्या पलीकडे मी गेलेली दिसले की निघ, थांबू नकोस, बाबा काही बोलले तरी.

"आई, तू येणार नाहीस?"

"मेंढ्यांकडे कोण बघणार?"

रूथला काही कळलं नाही. जॉस मात्र जन्माचा मेंढपाळ. तो बायकोकडे वळला.

"वरून धरतेस?" त्यानं विचारलं.

"वरून धरते."

"दमशील."

"तू तुझं बघ. छाती तुझी उघडायचीय."

तिनं त्याचा पाय उचलून आत ठेवला, दार लावलं आणि डोंगराकडे वळली.

६

नेल तिच्या मागं आली नाही. अंगणात बसून राहिली.

मायरा सावकाश चढली. ऊन होतं, ढगाचं नाव नव्हतं, खाली वाटेवर गाडी नव्या डबीसारखी चमकत होती. माथ्याकडे रंगीत कोटवाले दोघं-तिघं उतरताना दिसले, त्यांनी हात हलवला. तिनंही हलवला. ते पलीकडच्या अंगाला उतरून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही.

उभ्या खडकांपाशी ती थांबली नाही. आवाजही आला नाही. ती खडकांच्या मधून पलीकडे गेली, दहा-बारा पावलं, मोकळ्या गवतात, आणि तिच्या मनात आलं, की काहीच नव्हतं. म्हातारपणाचे खेळ सगळे. तिला हसूच आलं.

मग तिला खालच्या उतारावर नेचा हलताना दिसला.

रोवनच्या झाडाच्या बाजूनं नेच्यात एक रेघ उमटत येत होती. सरळ नव्हती. चांगला कुत्रा जसा कळपाला न बिथरवता लांबून वळसा घेऊन येतो, तशी ती वळत येत होती, आणि कुत्र्याहून फार वेगानं. वाटेतल्या मेंढ्या एकेक करून खाली बसत होत्या.

मायरानं मान खाली घातली. वर बघायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं. नजर बुटांवर ठेवून ती चालत राहिली. आवाज डोक्यावरच झाला. झडप उघडी आहे. दूध उतू चाललंय. जॉस हाक मारतोय. अंगणात कोकरू पडलंय. सगळे तिचेच विचार, तिच्याच आवाजातले. तिनं एक पाऊल टाकलं. मग आणखी एक.

तिच्या दोन्ही बाजूंना, कोठाराच्या दारांइतके लांब, गवतात हात टेकले. बोटं खाली होती. ती कुणाच्या बोटांसारखी होती ते तिनं पुढं कधी मनाशीसुद्धा जुळवलं नाही. त्या दोन हातांच्या मध्ये, वर, कुणीतरी धापा टाकत होतं. लांबून धावत आलेलं.

तेवढ्यात खाली, फार लांब, जाळी खडखडली.

ते तिनं ऐकलं, आणि त्यानंही ऐकलं. धाप थांबली. एक हात गवतातून उचलला गेला. तो खाली वाटेकडे वळतोय हे बघून मायरानं काय करावं? बाई पुढं सरकली, सरळ त्याच्या अंगावर, निसटणारी मेंढी करते तशी. हात परत आला. ती डावीकडे गेली, तोही गेला. उजवीकडे गेली, तोही. बिचाऱ्याला दोन्ही टोकं धरता येत नव्हती. खाली गाडी वळणाआड जाईपर्यंत तिनं त्याला तसंच खेळवलं.

गाडीचा आवाज विरला तेव्हा त्यानं वाटेकडे तोंड केलं आणि तो नुसता उभा राहिला. तेव्हा, क्षणभर, मायरानं डोळे वर केले. तिला पाठ दिसली. उतारासारखी रुंद होती, आणि तिच्यावर मेंढ्यांच्या पायवाटा होत्या, जुन्या, खोल गेलेल्या.

मग तिकडचं तोंड इकडे वळू लागलं, आणि मायरानं मान वर केली.

ती घरी परत आली तेव्हा अजून ऊन होतं. तिनं किटली ठेवली.

७

जॉस वाचला. झडप नवी बसवली, आणि तो रूथच्या घरी शहरात राहू लागला. रविवारी फोनवर तो शेजाऱ्यांच्या मांजरांपासून इस्पितळातल्या पाणचट सुपापर्यंत सगळ्याच्या तक्रारी करी. त्यावरून मायराला कळे की बरा आहे. घरी कधी येऊ विचारलं की ती म्हणे, चढ आहे, थंडी आहे, जिना नाही तुझ्या सोयीचा. घरात जिना होता तो वरच्या एका खोलीचा, आणि जॉस तिथं गेल्या दहा वर्षांत चढला नव्हता. मग तो म्हणे, मेंढ्या कशा आहेत. त्या चांगल्या होत्या. कोकरं आईमागं चालत होती आणि झाडापाशी वळत होती.

एप्रिलमध्ये तो न सांगता आला. रूथनं गाडी जाळीच्या पलीकडे उभी केली आणि फोन लावला. मायरा खाली झाडापर्यंत आली. दोघांच्या मध्ये एखाद्या खळ्याएवढी वाट होती.

जॉस सुटला होता. गाल वर आले होते. हातात कागदात गुंडाळलेला जिंजरब्रेड होता.

"बघ कसा झालोय," तो म्हणाला. "बाजारात उभा केलास तर एडका म्हणून खपेन."

"म्हातारा एडका कोण घेतं?"

"तू घेतलायस की."

तिला हसू आलं. आपण दोघांनी एका खोलीत शेवटचं जेवण कधी घेतलं ते तिला आठवलं. ये, म्हणावं, आत ये. चूल पेटलेली आहे. येणाऱ्याला कुणी अडवत नाही इथं. अडवतात ते फक्त इथल्या जाणाऱ्याला. पुढच्या तपासणीला महिनाभर होता, डॉक्टरांनी जन्मभर तपासण्या सांगितल्या होत्या, आणि दर खेपेला वरून धरणं तिच्यानं झालं नसतं.

जॉसनं जिंजरब्रेड काखेत धरला आणि जाळीच्या दांड्यांवर जपून पाय ठेवला. "आलोच," म्हणाला.

मायरानं दोन्ही हात पसरले.

हे तिनं ठरवलं नव्हतं. हात वर आले आणि पसरत गेले, दोन्ही बाजूंनी, वाटेच्या कडेपर्यंत, आणि तिनं एकच पाऊल पुढं टाकलं. जॉस थबकला. त्यानं मान वर केली. तिच्याकडे नाही, तिच्या जरा वर बघितलं. मग तो वळला, आणि म्हाताऱ्या माणसाला शोभेल अशा बेतानं चालत जाऊन गाडीत बसला.

रूथ काहीतरी विचारत होती. त्यानं मान हलवली. गाडी निघाली, वळणाआड गेली, आवाजही गेला, आणि मायरा वाटेत तशीच उभी होती. तिचे हात अजून पसरलेले होते. ते दुखत नव्हते.